बीईला सीजीपीआय ६.२: अमेरिकेत जेडीला (तिकडच्या वकिलीच्या पदवीला) प्रवेशाची शक्यता कशी धरायची?

ऐरोलीचा_इंजिनीअर

नमस्कार मंडळी. मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई केलं, सीजीपीआय (सरासरी गुणांक) दहापैकी ६.२. दुसऱ्या वर्षी वडिलांची बायपास झाली, त्याच काळात दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले. पुढे त्या सुटल्या आणि शेवटच्या दोन सेमिस्टरना साडेसातच्या वर होतो. सध्या ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नोकरी आहे. दिवसाचा बराचसा वेळ व्हेंडरांची कॉन्ट्रॅक्ट वाचण्यात आणि त्यातल्या डेटा प्रायव्हसीच्या अटी तपासण्यात जातो. कायदा शिकायची ओढ या कामातूनच लागली.

सीजीपीआय चाराच्या पट्टीवर आणला तर २.४८ होतो. शक्यता सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये तो टाकला की बहुतेक लॉ स्कूलसमोर लाल रंग येतो. एलसॅट, म्हणजे तिकडच्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, अजून दिलेली नाही. आईचं म्हणणं, चांगली नोकरी सोडून हे कशाला. तिला काय उत्तर द्यायचं ते मलाही कळायला हवं. इतक्या गुणांवर अर्ज करण्यात अर्थ आहे का? असेल तर अंदाज कशावरून बांधायचा?

नौपाडा_ते_न्यूजर्सी

आधी तो २.४८ खोडून टाक. तो आकडा तू बनवलास, लॉ स्कूलला तो दिसणारच नाही.

तिकडचे जवळजवळ सगळे अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातात. अमेरिकन कॉलेजांतल्या मुलांचा जीपीए (पदवीचा सरासरी गुणांक) एलसॅक स्वतः नव्याने काढते. बाहेरच्या देशांतल्या पदवीचा काढत नाही. तुझी ट्रान्सक्रिप्ट तपासून सुपीरियर, अबव्ह अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज किंवा बिलो अ‍ॅव्हरेज यांपैकी एक शेरा देतात, बस. याचा फायदा मोठा आहे. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियम ५०९ प्रमाणे प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी आपल्या नव्या वर्गाचे एलसॅट आणि जीपीएचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइल जाहीर करावे लागतात. क्रमवारी लावणारेही मीडियन, म्हणजे ५० पर्सेंटाइलचा मधला आकडा, बघतात. म्हणून २.५ जीपीएचा अमेरिकन मुलगा घेताना शाळा दहादा विचार करते, कारण तो मीडियन खाली ओढतो. तुझा जीपीए त्या हिशेबात धरतच नाहीत. तुझी एलसॅट मात्र धरतात. तो कॅल्क्युलेटर अमेरिकन मुलांच्या आकड्यांवर चालतो, तुला तो लागू नाही.

पण ट्रान्सक्रिप्ट कुणी वाचत नाही असा याचा अर्थ काढू नकोस. ती माणसं नीट वाचतात, केट्याही बघतात आणि पुढे चढत गेलेला आलेखही बघतात. त्यासाठी अ‍ॅडेंडम, म्हणजे अर्जासोबतचा छोटा खुलासा, असतो. अर्ध्या पानाहून मोठा नको. कुठल्या सेमिस्टरला काय झालं, वडिलांचं ऑपरेशन केव्हा, केट्या केव्हा सुटल्या, त्यानंतरचे गुण किती, एवढं सरळ लिही. विद्यापीठाची तक्रार नको, रडगाणं नको. आणि हे पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलच्या निबंधात, आणू नकोस. ती जागा तुझ्या कॉन्ट्रॅक्टच्या कामाची आहे. एखादी अट वाचताना तुला नेमका कुठला प्रश्न पडला, हे तिथे लिहिलंस तर तू इतरांहून वेगळा दिसशील. मला तुझ्या अर्जातली सर्वांत भक्कम गोष्ट ही वाटते, आणि तू ती एका ओळीत उरकलीस.

अंदाज बांधायचा तो असा. आवडीच्या दहाएक शाळांचे ५०९ अहवाल उघड आणि त्यातला फक्त एलसॅटचा रकाना बघ. तुझा स्कोअर ७५ पर्सेंटाइलच्या वर असेल तर तिथे प्रवेशच काय, स्कॉलरशिपचीही आशा धर. मीडियनच्या आसपास असेल तर अर्ज कर. २५ च्या खाली असेल तर अर्जाची फी वाचव. हा हिशेब माझा आहे, अगदी काटेकोर नाही, पण त्या लाल रंगापेक्षा खरा. त्याच अहवालात किती मुलांच्या सशर्त स्कॉलरशिप पुढे कमी झाल्या किंवा गेल्या, तेही दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कुणाची ऑफर स्वीकारू नकोस.

एलसॅट १२० ते १८० गुणांची. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स काढून टाकले, आता लॉजिकल रीझनिंग आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन एवढंच उरलं. लॉजिकल रीझनिंगला वजन जास्त. स्कोअर पाच वर्षं चालतो. तेव्हा आत्ताच नोकरी सोडायची काहीच गरज नाही, आईला हे आधी सांग. कलिन्याहून ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ लागतो, ते काम आधी सुरू कर. अर्ज साधारण सप्टेंबरात उघडतात आणि येतील तसे बघितले जातात, म्हणून उशीर महागात पडतो.

कोर्टनाका_वकील

ताईंनी सगळं छान सांगितलंय. मी एकच विचारतो: वकिली कुठे करणार? नामांकित खासगी लॉ स्कूलची नुसती शिकवणी फी वर्षाला ७०,००० डॉलरच्या पुढे आहे, आणि जेडी तीन वर्षांची. ती करून भारतात परत यायचं असेल, तर बार कौन्सिलने त्या पदवीला मान्यता दिलेली असावी लागते आणि वर पात्रता परीक्षा द्यावी लागते.

दुसरी वाट घराजवळ आहे. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या वर्गासाठी पदवीला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तुमचे त्याहून बरेच वर आहेत. त्यापुढे यादी लागते सीईटीच्या गुणांवर, तिथे तुमचा ६.२ आडवा येत नाही. ठाण्यात टीएमसी लॉ कॉलेज आहे, नेरुळला डी. वाय. पाटील. त्यानंतर एक वर्षाचा एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) अमेरिकेत करता येतो, त्याला एलसॅट लागत नाही. अशा वाटेने न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला) बसलेले भारतीय भरपूर आहेत. माझ्याकडे ज्युनिअर म्हणून इंजिनीअर मुलं येतात. करार वाचायची सवय असलेला मुलगा मला नेहमीच हवा असतो.

नौपाडा_ते_न्यूजर्सी

वकीलसाहेबांचा मुद्दा रास्त आहे. फक्त एक: तिकडच्या मोठ्या फर्म नोकऱ्या देताना जेडीवाल्यांना एलएलएमवाल्यांपेक्षा खूप झुकतं माप देतात. तिकडेच राहायचं असेल तर हे विसरू नकोस.

ऐरोलीचा_इंजिनीअर

दोघांचे मनापासून आभार. सध्या तरी तिकडेच काम करायची इच्छा आहे, पण स्कॉलरशिप नसेल तर कर्ज काढणार नाही, हे आज नक्की केलं. रविवारी एलसॅकच्या लॉहब या साइटवरची मोफत सराव परीक्षा घड्याळ लावून देतो. स्कोअर इथेच टाकेन.

नौपाडा_ते_न्यूजर्सी

टाक. पहिला स्कोअर १५० च्या आत आला तरी घाबरू नकोस. सरावाने दहाएक गुण वाढलेली मुलं मी बघितली आहेत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, बरोबर उत्तर का बरोबर आहे ते मराठीत स्वतःच्या शब्दांत लिही. खरी परीक्षा मात्र सराव परीक्षांत हवा तो आकडा सलग येऊ लागला की मगच दे. पाच वर्षांत पाचच वेळा देता येते.