तैलरंगातला तांब्या नुसता पिवळा दिसतोय, मागचा गडद रंग डल पडून तडकलाय

हरिपूर_घाट (सांगली):
मांडणी साधी आहे. पितळी तांब्या, तीन काटेरी जांभळी वांगी, दोन लिंबं, मागे मरून साडीचा पडदा. कॅनव्हास 12×16 इंच, घरीच ताणलेला, वर भिंतीच्या डिस्टेंपरचे दोन हात. पडद्याला अलिझरिन क्रिम्झन (गडद लाल) आणि आयव्हरी ब्लॅक जाडसर लावलं. चौथ्या दिवशी त्यावर बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) भरपूर टर्पेंटाइन घालून बुट्टी काढली. आता:
१) बुट्टीला बारीक तडे गेलेत.
२) पडदा कुठे चमकतो, कुठे राखेसारखा डल.
३) तांब्या म्हणजे हळदीचा गोळा. धातू वाटतच नाही.
पावसाळ्यात सुकायलाही फार वेळ लागतोय. अळशीचं तेल वाढवू का?

जाड_ब्रश (मिरज):
तेल वाढवू नका, त्यानं वाळायला आणखी वेळ लागेल आणि पुढे रंग पिवळट पडेल.

तड्यांचं कारण तुमच्या वर्णनातच आहे. अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक हे दोन्ही सावकाश वाळणारे रंग. जाड लावले तर चार दिवसांत वरून साय धरते, आत ओलेच राहतात. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो झटपट वाळतो. त्यात तुम्ही टर्पेंटाइन घातलंत, म्हणजे तेलही कमी झालं. वरचा थर कडक झाला, खालचा अजून हलतोय, म्हणून वरचा फाटला. खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा क्रम उलटा करून चालत नाही.

साधारण प्रमाण असं ठेवा. पहिला हात रंग आणि फक्त टर्पेंटाइन, पातळ. दुसऱ्याला रंग ट्यूबमधून येतो तसाच, ब्रश ओढत असेल तर दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग अळशीचं तेल या मिश्रणाचे थोडे थेंब. शेवटच्या हाताला दोन्ही समान. तेल आर्टच्या दुकानातलं रिफाइंड घ्या, खाद्यतेलाच्या बाटलीतलं नको. हार्डवेअरच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा मिनरल टर्पेंटाइन असतं. ब्रश धुवायला ठीक, रंगात मात्र आर्टिस्ट दर्जाचंच घाला. रॉकेल दोन्हीकडे नको, चिकट अंश मागे राहतो.

डल पडण्याचा दोष डिस्टेंपरचा. त्यात भुकटी जास्त, बांधणारं द्रव्य कमी, त्यामुळे तो रंगातलं तेल पिऊन टाकतो. शिवाय ताणलेल्या कापडावर तो लवचिक राहत नाही. पुढच्या कॅनव्हासला ॲक्रिलिक जेसोचे (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा, परत आडवा. मध्ये 220 नंबरच्या पॉलिशपेपरनं हलकं घासा. शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस थांबा, या हवेत दोन-तीन.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा):
तांब्याबद्दल बोलतो, कारण खरी गोची तिथेच आहे.

पितळ पिवळ्या रंगानं होत नाही, उजेड-अंधाराच्या फरकानं होतं. तांब्यावर गडद आणि उजळ पट्टे एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्यामधली कड धारदार असते. तुम्ही बहुधा सगळं यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) धरून मऊ ब्रशनं मिसळलंय. असं मिसळलं की मातीचं मडकं होतं. डोळे किलकिले करून पाहा किंवा मोबाइलवर मांडणीचा आणि चित्राचा काळा-पांढरा फोटो शेजारी ठेवा. फरक लगेच कळेल.

क्रम असा: रॉ अंबर आणि अल्ट्रामरीननं सगळ्यात गडद पट्टे. मग ऑकर आणि अंबरची मधली छटा, पडद्याकडच्या बाजूला बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), कारण मरून रंग तिथे उतरतो. वांग्याशेजारी जांभळट, लिंबाशेजारी थंड पिवळं. उजळ भागाला ऑकर, टायटॅनियम व्हाइट आणि नखभर लेमन यलो. चमक अगदी शेवटी, पांढऱ्यात निळ्याचा अंश घालून, एका फटक्यात दोन-तीनच ठिपके. ठेवला की परत हात लावायचा नाही.

चिंचेनं लख्ख घासलेला तांब्या सुरुवातीला घेऊ नका, त्यात अख्खी खोली दिसते. थोडा मळलेला सोपा जातो. आणि तोंडाच्या लंबगोलाची टोकं टोकदार करू नका. वरून पाहताना बुडाचं वळण तोंडापेक्षा जास्त गोल येतं, इथे बहुतेक जण चुकतात.

जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय पाहा. 1938 पासूनचं आहे, राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. दागिने आणि जरीकाम रंगवलेली जागा हातभर अंतरावरून बघा, मग पाच पावलं मागे येऊन.

हरिपूर_घाट:
कळलं. मग हे चित्र वाचेल का? आणि वांगी दोन दिवसांत सुरकुततात, त्याचं काय?

जाड_ब्रश:
तडकलेल्या बुट्टीवर परत रंग चढवू नका, खालचे तडे वर येतील. तेवढा भाग पॅलेट नाइफनं खरवडा. वाळलेल्या रंगाला पॉलिशपेपर मारायचाच असेल तर पाणी लावून, कोरडी धूळ फुफ्फुसात जायला नको. नुसता डल झालेला भाग हाताला पूर्ण सुका लागत असेल तर अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग, सुती चिंधीवर अगदी थोडं घेऊन चोळा. काही मिनिटांनी जास्तीचं पुसा. रंग परत उठतो, मग त्यावरच काम करा. व्हार्निशची घाई नको, पातळ चित्राला सहा महिने, जाडाला वर्ष.

ती तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून किंवा पसरून बाहेर वाळवा.

अजिंक्यतारा_पायथा:
वांग्याचं देठ आधी रंगवा, तेच पहिलं कोमेजतं. बाकी सालीला दिवस मिळतात. अल्ट्रामरीन, अलिझरिन आणि थोडं बर्न्ट अंबर, काळा नकोच, चमकेत खिडकीचा निळसर पांढरा. पहिल्याच दिवशी एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. उत्तरेची खिडकी नसेल तर पडदा लावून 5000 केल्विनचा एलईडी डावीकडून वर, साधारण 45 अंशात, आणि तसलाच दुसरा कॅनव्हासवर.

सुकण्यासाठी अल्किड मीडियम (तैलरंगात मिसळायचं, लवकर वाळवणारं द्रव्य) घातलंत तर पातळ थर बहुधा एक-दोन दिवसांत हाताला सुकतो. पण घालायचं तर सगळ्या थरांत घाला. कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, पाठीमागे बुरशी धरते. कपाटातही नको, अंधारात तेल पिवळं पडतं.