मदत हवी आहे: रोड बाइक सिंगल स्पीड करतोय, चेनचा ताण कसा राखावा?

मंडळी,

अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक आहे, पुढे 50 आणि 34 दात्यांची दोन चेनरिंग (पॅडलजवळच्या चकत्या), मागे 8 गिअरची कॅसेट (चकत्यांचा संच). उजवा शिफ्टर गेलाय. खटका नुसता लुळा हलतो, पकडच घेत नाही. त्याच लिव्हरवरचा ब्रेक मात्र चोख लागतो. नव्या शिफ्टरची किंमत ऐकून ठरवलं, गिअरच काढून टाकू. रोज कोथरूड ते बावधन जातो, पावसाळ्यात चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरमधला चिखल काढत बसणंही वाचेल.

ठरलंय ते असं. फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या ज्या भागावर चकत्या बसतात तो) एकच चकती, दोन्ही बाजूंना स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या). चकती सिंगल स्पीडचीच, उंच दात्यांची घेणार. कॅसेटमधली सुटी चकती नको, तिचे दाते चेन सहज सरकावी म्हणूनच कापलेले असतात. पुढे 42 दाते, मागे 17. पॅडल मिनिटाला 80 वेळा फिरवलं तर ताशी 25 किमीच्या आसपास वेग मिळतो, मला तेवढा पुरे. चेन आहे तीच 8 स्पीडची, आखूड करून.

अडलंय ते ड्रॉपआउटपाशी, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचांत मागच्या चाकाचा आस बसतो तिथे. माझ्या फ्रेमच्या खाचा उभ्या आहेत, त्यामुळे साध्या सायकलसारखं चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. दात्यांचा हिशेब जुळवून टेन्शनरशिवाय (चेन ताणून धरणारा सुटा भाग) चेन बसवतात म्हणे, पण चेन झिजून लांबली की पुन्हा ढिली, म्हणून तो नाद सोडलाय. नवा टेन्शनर घ्यावा की जुना डिरेलरच वापरावा? वायर काढली की स्प्रिंगमुळे तो सगळ्यात लहान चकतीखाली जाऊन थांबतो, आणि त्याची बाहेरची हद्द ठरवणारा एच स्क्रू पूर्ण आत पिळला तरी मधे येत नाही. चकती बाहेर घ्यावी तर चेन तिरकी चालते. वायरचा आखूड तुकडा अडकवून त्याला मधे रोखता येईल, असं वाटतंय. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज असं कुणी चालवतंय का? चेन उतरते का?

आणखी दोन शंका. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाचा चढ पाठीवर लॅपटॉप घेऊन 17 वर निघेल, की 18 लावू? गुडघे जपायचे आहेत. आणि आतलं चेनरिंग काढल्यावर जुने बोल्ट लांब पडतात. वॉशर टाकून भागेल, की आखूडच हवेत? पुण्यात सुटे मिळत असतील तर कुठल्या भागात, तेही सांगा.

स्वतः असा बदल केलेल्यांनी मागच्या चाकाच्या बाजूचा फोटो टाकला तर फार मदत होईल.