आरटीई लॉटरीत लेकीचं नाव लागलं नाही, आता काय करू?

धायरीची आई:
पहिलीसाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळेच्या मोफत जागेचा, फॉर्म भरला होता, नाव लागलं नाही, वेटिंगला आहे. शेजारच्या तिच्या मैत्रिणीचा नंबर लागला आणि ही रोज विचारते आम्ही एकाच व्हॅनने जाणार ना, काय सांगू तिला तेच कळत नाही. एरवीची खासगी शाळेची फी आम्हाला झेपणारी नाही.

सिंहगडरोडकर:
ताई, वेटिंग म्हणजे संपलं असं नाही. लॉटरी लागलेले काहीजण येतच नाहीत, काहींचं कागदपत्रांत अडकतं, मग त्या जागांवर वेटिंगवाल्यांना बोलावतात. नुसत्या मेसेजच्या भरवशावर राहू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघत रहा आणि जन्मदाखला, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला ओरिजिनल-झेरॉक्स तयार ठेवा, तारीख हुकली तर फार त्रास होतो.

निवृत्त बाई, कसबा पेठ:
लेकीला स्पष्ट सांग की ही चिठ्ठी होती, परीक्षा नव्हती, तू कशात कमी पडली नाहीस. नातेवाईक तिच्यासमोर "नंबर नाही लागला का" करत बसतात ना, त्यांना तिथेच थांबव. आणि जवळची महापालिकेची शाळा बघून ये, वर्गात जाऊन बाईंशी बोल. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तिथे पुस्तकं आणि दुपारचं जेवणही मिळतं. मैत्रीण संध्याकाळी खेळायला आहेच की.

धायरीची आई:
खूप धीर आला बाई. उद्याच जाते, तिलाही घेऊन जाते.