सात वर्षांचा अनुभव असताना नव्या शाळेत मूळ वेतन कसे ठरते?

प्रश्न (ऐरोली)
नमस्कार. मी बी.एस्सी., बी.एड. असून येथील एका विनाअनुदानित शाळेत सात वर्षे गणित शिकवते. सध्या माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. खारघरची एक सीबीएसई शाळा दरमहा एकूण 42,000 रुपये देऊ करत आहे. दुसरीकडे शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून ठाण्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेसाठी माझी शिफारस झाली आहे. माझी सात वर्षे मूळ वेतनात धरली जातील का?

उत्तर (सेवानिवृत्त मुख्याध्यापक, ठाणे)
ताई, अनुदानित शाळेपुरते सांगतो. विनाअनुदानित शाळेतील अनुभवाबद्दल तिथे वेतनवाढ मिळत नाही आणि रुजू होताच वेतनश्रेणीही मिळत नाही. पहिली तीन वर्षे आपण शिक्षण सेवक असाल. माध्यमिकसाठी हे मानधन 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 18,000 रुपये आहे (त्यापूर्वी ते 8,000 होते) आणि त्यावर महागाई भत्ता किंवा घरभाडे भत्ता नसतो. तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरल्यावर सातव्या वेतन आयोगाच्या एस-14 या स्तरात 38,600 रुपये मूळ वेतनावर आपली वेतननिश्चिती होईल आणि पुढे दरवर्षी सुमारे तीन टक्के वेतनवाढ मिळत जाईल. ठाणे व नवी मुंबई बृहन्मुंबई नागरी समूहात येत असल्यामुळे घरभाडे भत्ता सर्वात वरच्या दराने मिळतो. अनुभवी शिक्षकाला तीन वर्षे 18,000 रुपयांवर राबवणे मला कधीच न्याय्य वाटले नाही, परंतु आज नियम हाच आहे. घरखर्चाचा मेळ आधी घाला आणि मगच राजीनामा द्या.

उत्तर (शाळेच्या लेखा विभागातील कर्मचारी, नेरुळ)
खारघरच्या 42,000 मध्ये काय काय मोडते, हे लेखी विचारा. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 30,000 आहेत आणि भविष्य निर्वाह निधीतील शाळेचा बारा टक्के वाटाही त्याच 42,000 मध्ये धरला आहे. अशा वेळी दोन्ही वाटे प्रत्येकी 3,600 आणि व्यवसाय कर 200 वजा जाऊन हाती 34,600 रुपये येतील. शाळेचा वाटा वेगळा असेल, तर हाती 38,200 येतील. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत राज्य शासनाच्या बरोबरीने वेतन देण्याची अट आहे, तेव्हा आपल्याला कोणत्या स्तरात व कोणत्या टप्प्यावर ठेवले आहे, हा प्रश्न विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये. टप्पा मात्र रुजू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावा लागतो, कारण पुढची प्रत्येक वेतनवाढ त्याच आकड्यावर मोजली जाते.

आणखी एक. सध्याच्या शाळेत पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे उपदानावर (ग्रॅच्युइटीवर) आपला हक्क आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांना 26 ने भागून 15 ने गुणायचे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 26,000 असतील, तर सात वर्षांचे 1,05,000 रुपये होतात. शिक्षकांना हा हक्क 2009 च्या दुरुस्तीने 3 एप्रिल 1997 पासून मिळाला आहे, तरी अनेक जण अर्जच करत नाहीत.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. उपदानाचे मला कुणीच सांगितले नव्हते. अनुदानित शाळेत रुजू झाल्यावर मानधन लगेच सुरू होते का?

उत्तर (शिक्षिका, कळवा)
लगेच नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर शिक्षण उपसंचालक कार्यालयाकडून शालार्थ आयडी (शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतील क्रमांक) मिळाल्याशिवाय वेतन पथक, म्हणजे पगाराची बिले काढणारे कार्यालय, देयक काढत नाही. माझे मानधन काही महिने अडकले होते, नंतर थकबाकीसह मिळाले. रुजू अहवालाची आणि मान्यता प्रस्तावाची पोच असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. तीन वर्षांनी वेतननिश्चितीच्या वेळी तीच कागदपत्रे पुन्हा लागतात.