शाळा सुटल्यानंतरचे तास

शिक्षक चांगला असला की घरची परिस्थिती आड येत नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. शिक्षकाने फरक पडतोच, पण मूल शाळेत असतं पाच-सहा तास, बाकी सगळा वेळ घरी आणि सुट्टीत तर पूर्णच घरी.

अमेरिकेत बाल्टिमोरला डोरिस एन्टविसल आणि कार्ल अलेक्झांडर या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ पासून पहिलीतली मुलं वर्षानुवर्षं ट्रॅक केली, त्यात त्यांना असं दिसलं की शाळा चालू असताना गरीब आणि खात्यापित्या घरची मुलं जवळजवळ सारख्याच वेगाने शिकतात, फरक वाढतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, कारण एका घरात पुस्तकं, गप्पा, प्रश्नांना उत्तरं चालूच असतात आणि दुसरीकडे ते सगळं बंद.

आणि गृहपाठाचं काय? पहिली-दुसरीच्या मुलाला जो गृहपाठ दिला जातो तो बरेचदा मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय होतच नाही, मग ज्याचे आईवडील रात्री उशिरा येतात किंवा ज्यांना वाचता येत नाही त्या मुलाची वही कोरी राहते, आणि शेरा पडतो 'लक्ष नाही'. मला याचा खरंच राग येतो. घरची भाषा वेगळी असेल, पोटात काही नसेल, नजर कमजोर असून कोणाच्या लक्षातच आलं नसेल, तरी शिक्का तोच, आणि सहा वर्षांचं मूल तो खरा मानून बसतं.

निदान पहिली दोन वर्षं तरी मुलाला एकट्याने करता येईल एवढाच गृहपाठ द्यावा, आणि सुट्टीत शाळेची पुस्तकं कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांना घरी न्यायला द्यावीत.