ऑनलाइन गाण्याच्या वर्गातले अनुभव नेमके कुठे नि कसे मांडायचे?

लष्करवाली_ताई (ग्वाल्हेर)
नमस्कार मंडळी. मी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरी गाणं शिकवते. 8 मुली समोर बसून, 5 ऑनलाइन. त्यातली एक न्यू जर्सीची. तिच्यासाठी सकाळी साडेसहाला, चहाच्याही आधी बसते.

नेटवर दोघींना एकत्र गाता येत नाही, हे कळायलाच मला दोन महिने लागले. माझा आवाज तिकडे पोचून तिचा परत येईस्तोवर मी पुढे निघालेली. मी आपली ओरडतेय, "लय सोडू नकोस गं!" बिचारी लयीतच होती. आता तिचा माईक बंद ठेवून माझ्याबरोबर गायला लावते, मग माईक उघडून एकटीला. ठेकाही तिच्याच फोनवर लावायचा, माझ्याकडे नाही.

हे इतरांना सांगावं, त्यांचंही ऐकावं म्हणून वर्गाचं 3 मिनिटांचं रेकॉर्डिंग फेसबुकवर टाकलं. "खूप छान ताई", फुलं, जोडलेले हात. शिकवणाऱ्या एकानेही स्वतःचं काही लिहिलं नाही. रात्री एका आईचा फोन: "आमच्या मुलीचं पूर्ण नाव दिसतंय हो, चेहऱ्यासकट." खरंच होतं, चौकटीच्या कोपऱ्यात. लगेच काढलं, पण फार ओशाळायला झालं.

तुम्ही कसं करता?

डग्गा_तबला (वडोदरा)
ताई, तुम्ही जमलेलं दाखवलंत. त्यावर लोक हातच जोडणार! मी अडलेलं टाकतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, त्यात फक्त माझे हात, आणि खाली प्रश्न: "शिष्याला डग्गा ऐकूच येत नाही, काय करू?" दोन दिवसांत उत्तर मिळालं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा आवाज निघतच नाही, कानात इयरफोन घालायला सांगा. इतकं साधं, आणि मी त्याच्या वडिलांना नवा राउटर घ्यायला लावणार होतो.

गणितवाली_मावशी (इंदूर)
व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कामाची गोष्ट पोहे-जिलबीच्या फोटोंखाली गाडली जाते, आणि स्टेटस तर 24 तासांत गायब. फेसबुक ग्रुप बरा. एका पोस्टमध्ये एकच अडचण, आणि उत्तरं आली की मूळ पोस्टमध्येच भर घालायची, म्हणजे पुढच्याला सापडतं. मुलांचे चेहरे मात्र घरच्यांनी लेखी हो म्हटल्याशिवाय नाहीच.

लष्करवाली_ताई
मग अडलेलं इथेच विचारते. माझा तानपुरा तिकडे दोन-चार सेकंद ऐकू येतो आणि विरून जातो. तारा बदलून झाल्या, माईक बदलून झाला.

डग्गा_तबला (वडोदरा)
तारांचा दोष नाही. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून अ‍ॅप तो पुसून टाकतं. झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" आहे. ते निवडा, आणि वर्ग सुरू झाल्यावर चालू आहे ना, ते बघा. दोघींनी हेडफोन लावा, नाहीतर आवाज घुमेल.

लष्करवाली_ताई
आज सकाळी केलं. न्यू जर्सीवाली म्हणते, "ताई, तुमच्या मागे काहीतरी वाजतंय." सहा महिने वाजतंय गं बाई!