गायीत संबंध आहे, म्हशीत नाही, असं लिहिता येईल का?

करवीरकन्या:
नमस्कार. प्रबंधासाठी वडणगे-निगवे भागातले 41 गोठे फिरले. दिवसाला किती किलो पेंड घातली आणि दोन्ही वेळचं मिळून किती लिटर दूध निघालं, एवढंच नोंदवलं. पहाटे धारेच्या वेळी काटा घेऊन उभी राहायचे, कारण मालक ‘एक घमेलं’ म्हणतात. ते कुणाचं दीड किलोचं, कुणाचं अडीच किलोचं. पहिले चार गोठे सांगोवांगी लिहिलेले, ते परत जाऊन मोजले.

एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिट फाइल लावून, म्हणजे गायी-म्हशी वेगळ्या करून, पेंड आणि दूध यांचे सहसंबंध (आर) काढले. 58 गायींत आर = 0.49, पी (संबंध नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा मोठा आर येण्याची शक्यता) 0.001 पेक्षा कमी. 52 म्हशींत आर = 0.23, पी = 0.10. मार्गदर्शक म्हणतात, एकात सार्थ (पी 0.05 च्या आत) आलं, दुसऱ्यात नाही, म्हणजे फरक सिद्ध झाला. मला ते पटत नाही, पण समोर काय मांडू?

रंकाळाकाठ:
ताई, न पटणं बरोबर आहे. त्या दोन पी-किमती प्रत्येक आर शून्यापेक्षा वेगळा आहे का, एवढंच सांगतात. दोन्ही आर एकमेकांपासून वेगळे आहेत का, ही चाचणी अजून झालेलीच नाही.

ती फिशरच्या रूपांतरानं करा, म्हणजे प्रत्येक आरचा झेड करून दोन्ही झेडांची तुलना. 0.49 चा झेड होतो 0.536, 0.23 चा 0.234. फरक 0.302. या फरकाची प्रमाण त्रुटी (योगायोगानं तो साधारण किती हलतो) म्हणजे 1/55 अधिक 1/49 (58 आणि 52 मधून तीन-तीन वजा) याचं वर्गमूळ, 0.196. भागाकार 1.54, दुहेरी पी साधारण 0.12. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. हे कागदावर करून सरांना दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याहून महत्त्वाचं विचारतो: म्हशींना घातलेल्या पेंडीचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) किती? सगळे जवळपास सारखीच पेंड घालत असतील, तर किलोमागं वाढणारं दूध गायीइतकंच असूनही आर खाली येतो. तुमचा खरा प्रश्न किलोमागं किती लिटर, हा आहे. तो आर सांगत नाही, उतार सांगतो. म्हणून सगळी 110 जनावरं एकत्र घेऊन समाश्रयण (रिग्रेशन) करा: पेंड, जनावर (गाय 0, म्हैस 1) आणि दोघांचा गुणाकार. गुणाकाराचा गुणांक म्हणजे दोन उतारांतला फरक, आणि मॉडरेशनची (जनावरानुसार संबंध बदलतो का, याची) चाचणी तीच. गुणाकार ठेवून मूळ दोन चलं गाळू नका. एसपीएसएसला जोडायचा हेजचा प्रोसेस मॅक्रो असेल तर त्यात मॉडेल 1 निवडा. पेंडीतून सरासरी वजा केली तरी गुणाकाराची पी-किंमत बदलत नाही. त्यात वेळ घालवू नका.

पन्हाळवारा:
आर ही संगणकभाषा वापरत असाल तर सायक पॅकेजमधल्या आर डॉट टेस्टनं फिशरचं उत्तर एका ओळीत मिळतं.
पण 41 गोठे अन् 110 जनावरं? एका दावणीच्या जनावरांना वैरण एक, पाणी एक, धार काढणारा हातही एकच. या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, आणि फिशर काय, साधं समाश्रयण काय, दोन्ही नोंदी स्वतंत्र असल्याचं गृहीत धरतात. गोठा यादृच्छिक घटक म्हणून घालून मिश्र प्रतिमान (गोठ्यागोठ्यांतला फरक वेगळा धरणारं समाश्रयण) चालवा: एसपीएसएसमध्ये मिक्स्ड मॉडेल्स, आरमध्ये एलएमई4 पॅकेज.

करवीरकन्या:
दोघांचेही मनापासून आभार. विचलन बघितलं: गायींच्या पेंडीचं 1.6 किलो, म्हशींचं फक्त 0.6! आणि उतार गायीत किलोला 0.92 लिटर, म्हशीत 0.77. गुणाकाराचा गुणांक उणे 0.15, पी = 0.80, 95 टक्के विश्वास अंतराल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो) उणे 1.30 ते 1.00. मग ‘म्हशीत आणि गायीत सारखंच’ असं लिहू का?

रंकाळाकाठ:
तेही नको. अंतराल केवढं पसरट आहे बघा. किलोमागं लिटरभर फरक असला तरी तुमच्या नोंदींत तो सापडलाच असता असं नाही. गुणांक आणि अंतराल जसेच्या तसे द्या आणि ‘या नोंदींवरून फरक ठरवता येत नाही’ असं लिहा. म्हशींच्या पेंडीचा पल्ला अरुंद होता, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या.

करवीरकन्या:
तसंच लिहिते. गोठा क्रमांक वहीत आहेत, फाइलमध्ये घातलेच नव्हते. आज रात्री तो रकाना भरते, उद्या मिश्र प्रतिमानाचे आकडे इथंच टाकते.